बास्क शब्दकोशात करिअर करायचंय? आधी ती यादी बाजूला ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही वसईचे, भाषाशास्त्रात एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहात. ‘झेवियर’ हे नाव मुळात बास्क, म्हणजे स्पेन-फ्रान्सच्या सीमेवर बोलल्या जाणाऱ्या भाषेतलं आहे हे कळल्यापासून त्या भाषेचं वेड लागलं. बास्क आणि मराठी यांत सारख्या वाटणाऱ्या ४३ शब्दांची यादी तुम्ही केली आहे. आता बास्क व्युत्पत्ती आणि कोशकार्य यांतच करिअर करायचं म्हणता आणि कुठला कोर्स करू असं विचारता.

मी अठरा वर्षं स्पेनमधल्या बास्क भागातल्या गिपुस्कोआ प्रांतात राहून द्विभाषिक कोशांच्या नोंदी लिहिते. कोर्सचं शेवटी सांगते, कारण खरा प्रश्न कोर्सचा नाही. तुम्हाला बास्कचं गूढ हवंय की बास्कचे शब्द हवेत, हे आधी ठरवा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पगार फक्त दुसरीचा मिळतो.

झेवियरपासूनच सुरू करू, ते उदाहरण चांगलं आहे. ‘एचे’ म्हणजे घर, ‘बेरी’ म्हणजे नवं. ‘एचे बेरी’ जिभेवर घासत घासत ‘शाबिएर’ झालं, आणि ते स्पेनच्या उत्तरेकडच्या नवारमधल्या एका किल्ल्याचं आणि गावाचं नाव पडलं. त्या किल्ल्यात १५०६ साली जन्मलेला फ्रान्सिस १५४२ मध्ये गोव्यात उतरला. दक्षिणेच्या किनाऱ्यावर काम करताना १५४४ च्या एका पत्रात त्याने लिहिलं की या लोकांची भाषा मलबारी आणि माझी बिस्कायी, म्हणून आम्हाला एकमेकांचं काही कळत नाही. बिस्कायी म्हणजे बास्क. तुमच्या वसई स्टेशनाशेजारी नवघर आहे, तेव्हा अर्थ बघितला तर जगातले सगळे झेवियर नवघरकरच! पण यावरून ‘एचे’ आणि ‘घर’ यांचं नातं आहे असं कुणी म्हणत नाही. नवं घर बांधलं की त्या जागेला ‘नवं घर’ म्हणायचं, हे माणसाला कुठेही सुचतं.

आता तुमची यादी. सगळे ४३ शब्द तपासत बसत नाही, पहिल्याच जोडीवर थांबते. बास्कमध्ये दोन म्हणजे ‘बि’ आणि आपल्या पाढ्यात ‘बे एके बे’. दिसायला भुरळ पडते, मलाही पडली होती. पण जुळणी करायची ती दोन्हीकडच्या जुन्यात जुन्या रूपांची. आपला ‘बे’ प्राकृतातून आला आणि त्याच्यामागे संस्कृत ‘द्वे’ आहे. त्यातला ‘द्’ गळून ‘व’चा ‘ब’ झाला. तिकडे बास्कच्या उत्तरेकडच्या, म्हणजे फ्रान्समधल्या बोलींत ‘बि’च्या जोडीला ‘बिगा’ असं रूप आहे आणि तेच जुनं असावं असं मानतात. आता ‘द्वे’ आणि ‘बिगा’ शेजारी ठेवून बघा. दोन झिजलेली नाणी सारखी दिसतात ती झिजल्यामुळे, टाकसाळ एक म्हणून नव्हे.

बास्क ‘आमा’ (आई) आणि ‘अम्मा’ची गोष्ट आणखी सोपी. ओठ मिटून उघडले की तान्ह्या बाळाच्या तोंडून जे निघतं त्यालाच आया आपलं नाव समजतात, जगभर. बास्कमध्ये ‘लाउरोगेइ’ म्हणजे ऐंशी, शब्दशः चार-वीस, आणि आपल्या आज्या ‘चार विसा’ म्हणायच्या. ही जोडी माझीही लाडकी आहे. तोलोसाच्या शनिवारच्या बाजारात काळ्या घेवड्याच्या पैशांचा हिशेब करताना म्हातारी ‘तीन विसा नि पंधरा’ अशा चालीने पंच्याहत्तर म्हणाली की मला अजून घरी असल्यासारखं वाटतं. पण हात-पायांची बोटं मिळून वीस भरतात, एवढाच त्याचा अर्थ.

बास्कचं जिवंत नातं जगातल्या कुठल्याही भाषेशी सिद्ध झालेलं नाही. ज्या एका भाषेशी नातं पक्कं दिसतं ती म्हणजे नैऋत्य फ्रान्सकडची प्राचीन अक्विटेनियन, आणि तीही रोमन काळच्या शिलालेखांमधल्या माणसांच्या व देवांच्या नावांपुरतीच उरली आहे. त्या दगडांवर ‘किसोन’ आहे, आजच्या बास्कमध्ये ‘गिसोन’ म्हणजे पुरुष. ‘सेंबे’ आहे, आज ‘सेमे’ म्हणजे मुलगा. ‘नेस्कातो’ आहे, आणि तो शब्द आजही मुलीलाच वापरतात. पुरावा म्हणतात तो असा असतो. ‘सेंबे’चं ‘सेमे’ होताना ‘म्ब’चा ‘म’ झाला; हाच बदल दुसऱ्या शब्दांतही दिसतो, म्हणून तो नियम ठरतो. बास्क भाषाशास्त्रज्ञ कोल्दो मिचेलेना यांनी अशा नियमांवरून दाखवलं की जुन्या बास्कमध्ये ‘म’ हा स्वतंत्र ध्वनीच नसावा. एका ‘सेमे’मागे त्यांची अनेक वर्षांची कागदपत्रं होती.

मिचेलेना यांची कारकीर्द वाचाच. एरेंतेरियाला १९१५ साली जन्म. स्पॅनिश यादवी युद्धात बास्क बाजूने लढले, पकडले गेले, फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कैदेत बदलली. वाचन आणि अभ्यास तुरुंगातही चालू राहिला. बास्कच्या ध्वनीइतिहासावरचा त्यांचा ग्रंथ १९६१ मध्ये आला, म्हणजे पंचेचाळिशी ओलांडल्यावर. १९६८ साली आरांत्सासूच्या मठात बास्क अकादमीची बैठक झाली आणि ‘बातुआ’ म्हणजे प्रमाण लेखी बास्कचा पाया घातला गेला, त्यात त्यांचाच शब्द शेवटचा होता. तिथला मोठा वाद होता ‘ह’ लिहायचा की नाही यावर, कारण उत्तरेचे लोक तो उच्चारतात आणि दक्षिणेचे नाही. आपल्याकडे अनुस्वारांवरून माणसं कशी भांडली ते ठाऊक असेल तर तिथलं तापमान कळेल.

त्यांनी सुरू केलेल्या ‘ओरोतारिको एउस्कल इस्तेगिया’ या सर्वसमावेशक कोशाचा पहिला खंड १९८७ मध्ये निघाला आणि त्याच वर्षी ते गेले. पुढचं काम इबोन सारासोला यांनी चालवलं आणि सोळावा खंड २००५ मध्ये आला. शब्दकोश करणाऱ्याचं आयुष्य आणि शब्दकोशाचं आयुष्य सहसा जुळत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या संस्कृत कोशाचं काम १९४८ मध्ये सुरू झालं, पहिला खंड १९७६ ला. तिथली चिठ्ठ्यांची कपाटं एकदा बघून या, मग हा धंदा झेपणार का ते ठरवा. मी एम.ए. असताना ती बघून आले आणि रात्रभर झोप लागली नाही. आनंदाने की भीतीने, ते अजून सांगता येत नाही.

दुसरी कारकीर्द लॅरी ट्रास्क यांची. तुमच्या परिस्थितीला ती जास्त जवळची आहे, कारण ते बाहेरचे होते. अमेरिकेत वाढलेले, मूळ शिक्षण रसायनशास्त्राचं. भाषाशास्त्राकडे वळले ते नंतर, आणि इंग्लंडमध्ये आधी लिव्हरपूल व मग ससेक्स विद्यापीठात शिकवलं. पोट कशावर चाललं ते नीट बघा: सामान्य भाषाशास्त्र शिकवणं, पाठ्यपुस्तकं, व्याकरणाच्या आणि ध्वनिशास्त्राच्या संज्ञांचे कोश. बास्क त्यासोबत चालू होतं. बास्कच्या इतिहासावरचा मोठा ग्रंथ १९९७ चा. व्युत्पत्तिकोश हाती होता तेव्हा, २००४ मध्ये, ते वारले. तो अपुरा कोश मॅक्स व्हीलर यांनी संपादित केला आणि २००८ मध्ये तो सर्वांना मोफत मिळू लागला. उघडून बघा. पानोपानी एक शेरा भेटेल, त्याचा अर्थ ‘मूळ अज्ञात’. बास्कचं अमक्या भाषेशी नातं आहे असं सांगणाऱ्यांना ट्रास्क आयुष्यभर उत्तरं देत राहिले. असा माणूस शेकडो नोंदींत ‘माहीत नाही’ लिहितो, ही त्या कोशाची लाज नाही, त्याची किंमत आहे.

एखादा शब्द मूळचा बास्क असावा असं म्हणण्यासाठी त्यांची कसोटी साधारण अशी होती: १६०० च्या आधी नोंदलेला हवा, बहुतेक बोलींत पसरलेला हवा, शेजारच्या भाषांतून उसना घेतल्याची शंका नको, आणि ध्वनिरचना जुन्या बास्कला शोभणारी हवी. मराठीत आपण एखाद्या शब्दाला ‘देशी’ म्हणून मोकळे होतो, तेव्हा यातलं किती तपासतो? असो.

उसन्या शब्दांना कमी लेखू नका, खरी मजा तिथेच आहे. लॅटिनमध्ये शांतता म्हणजे ‘पाकेम’, बास्कमध्ये ‘बाके’. आकाश म्हणजे लॅटिन ‘काएलुम’, बास्क ‘सेरू’. पहिल्यात ‘क’ टिकला, दुसऱ्यात त्याचा ‘स’ झालेला आहे. म्हणजे ‘बाके’ आला तेव्हा लॅटिन बोलणारे अजून ‘क’ म्हणत होते. ‘सेरू’ नंतर आला, बहुधा देवळाच्या वाटेने. तारखेशिवाय दोन शब्दांचं वय लागलं! बदकाचा ‘आनातेम’ ‘आहाते’ झाला, मानाचा ‘होनोरेम’ ‘ओहोरे’ झाला. दोन स्वरांमधला ‘न’ जातो हा नियम हाती आला. ‘काएलुम’मधल्या ‘ल’चा ‘र’ झाला तोही नियमच.

आणि याच नियमाने एक लोकप्रिय दंतकथा मारली. कुऱ्हाडीला बास्कमध्ये ‘आइस्कोरा’ म्हणतात, खडकाला ‘आइत्स’. म्हणून बास्क लोक अश्मयुगापासून दगडी कुऱ्हाडी आणि त्यांची नावं सांभाळून आहेत, असं तुम्हाला शंभर ठिकाणी वाचायला मिळेल. लॅटिनमध्ये लहान कुऱ्हाडीला ‘आस्किओला’ म्हणत. ‘ल’चा ‘र’ करा. झालं अश्मयुग! हे जेवणाच्या टेबलावर सांगितलं तर यजमान नाराज होतात, स्वानुभव.

माझी स्वतःची फजिती सांगते म्हणजे रोजचं काम कसं असतं ते कळेल. मी नवीन असताना वर्गात घरच्यांची ओळख करून दिली आणि बहिणीला ‘आरेबा’ म्हटलं, कोशात ‘बहीण’ असं बघून. वर्ग हसला. ‘आरेबा’ ही पुरुषाची बहीण. बाईच्या बहिणीला ‘आइस्पा’ म्हणतात. भावाचंही तसंच: पुरुषाचा भाऊ ‘अनाया’, बाईचा भाऊ ‘नेबा’. त्यात ‘नेबा’ पश्चिमेकडच्या बोलींतला. इतरत्र दोघांच्याही भावाला ‘अनाया’च चालतो. म्हणजे नातेवाईक कोण यापेक्षा कुणाचा, यावर शब्द ठरतो.

पुढे नोकरीत पहिल्याच महिन्यात माझ्यापुढे याच नोंदी आल्या. ‘आरेबा’समोर फक्त ‘बहीण’ लिहिलं तर कोश चूक नाही, पण निरुपयोगी आहे. त्यानेच मला तोंडघशी पाडलं होतं. मग लिहायचं काय? ‘(पुरुषाची) बहीण’. मग उलट्या बाजूला ‘बहीण’ची नोंद दोन फाट्यांची करावी लागते. ‘नेबा’ला प्रदेशाची खूण लावायची, पण खूण बघून शिकणाऱ्याला तो शब्द गावंढळ वाटायला नको, कारण बिल्बाओत तो रोजचा आहे. आणि ‘ओसाबा’ मराठीत आणायचा झाला तर काका की मामा? बास्कला फिकीर नाही, आपल्याला आहे. चार नात्यांवर तीन आठवडे गेले. वरिष्ठ बाईंनी मसुदा परत पाठवला तो एकच ओळ लिहून: उदाहरणवाक्यांत बोलणारी बाई आहे की पुरुष, हे वाक्यावरून कळत नाही. बरोबर होतं त्यांचं. सगळी वाक्यं पुन्हा शोधली.

हे वाचून ‘तीन आठवडे!’ असं मनात आलं असेल तर दुसरं क्षेत्र बघा, मनापासून सांगते. ‘अरे, मग आते-मामे बहिणींचं काय?’ असं आलं असेल तर पुढे वाचा.

कोशात आणखी एक प्रकारचं काम असतं, ते म्हणजे भुतं ओळखणं. मानुएल लारामेंदी या जेझुइटाने १७४५ मध्ये स्पॅनिश-बास्क-लॅटिन कोश काढला. बास्कमध्ये सगळं सांगता येतं हे दाखवायच्या जिद्दीने त्याने बरेच शब्द स्वतःच घडवले. पुढच्या कोशकारांनी ते विश्वासाने उचलले. काही शब्द लोकांनी खरंच स्वीकारले, पण काही पिढ्यान्‌पिढ्या एका कोशातून दुसऱ्या कोशात उड्या मारत राहिले, कुणाच्या तोंडी न येता. रेसुरेक्सिओन मारिया दे आस्कुए या धर्मगुरूने १९०५-०६ चा आपला मोठा कोश करताना त्या शब्दांवर विश्वास ठेवला नाही, गावोगावच्या बोलींतून शब्द गोळा केले. हाच माणूस पुढे १९१९ मध्ये स्थापन झालेल्या बास्क अकादमीचा पहिला अध्यक्ष. पण घडवलेला शब्द म्हणजे खोटा शब्द असंही नाही. सबिनो आरानाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी झेंड्यासाठी ‘इकुरिन’ घडवला, आज तो शाळेतल्या पोराच्या तोंडी आहे. आपला ‘महापौर’ही कुणीतरी बसून घडवलेलाच की. कोशकाराने विचारायचं ते इतकंच: कोण वापरतं, कधीपासून, कुठे?

आता तुमच्या परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. पैसे आणि वय दोन्ही विचारात घ्या. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला व्हिसासाठी खर्चाची सोय दाखवावी लागते, तेव्हा शिष्यवृत्तीशिवाय उडी मारू नका. घरची जबाबदारी असेल तर दूर राहूनही बरंच होतं. बास्क अकादमीचा कोश, ओरोतारिको आणि आधुनिक मजकुरांचे संग्रह हे सगळं इंटरनेटवर मोफत आहे, हे सुख मराठीवाल्यांनी अजून पुरतं अनुभवलेलं नाही. फक्त व्युत्पत्तीवर जगणारी माणसं मला एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि ती सगळी विद्यापीठात शिकवतात. बाकीच्यांना कामं मिळतात ती कोशांच्या अद्ययावतीकरणात, परिभाषेत, भाषांतरात, आणि अलीकडे यंत्र-भाषांतर व बोलण्याच्या तंत्रज्ञानात. एलुयारसारखी संस्था कोशही करते आणि हे तंत्रज्ञानही. म्हणून थोडं प्रोग्रामिंग शिकाच. ‘मी कला शाखेचा’ ही सबब इथे चालत नाही.

भाषांचा क्रम माझ्या मते असा: आधी स्पॅनिश, कारण मिचेलेना स्पॅनिशमध्ये आहेत आणि ओरोतारिकोमधलं स्पष्टीकरणही स्पॅनिशमध्ये आहे. लगेच जोडीला बास्क. फ्रेंच वाचता येण्यापुरती, नंतर. आणि बास्क बोलायला शिका, नुसती वाचायला नको. प्रौढांसाठी ‘एउस्काल्तेगी’ नावाच्या शाळा असतात, निवासी वर्गांना ‘बार्नेतेगी’ म्हणतात. ‘तेगी’ म्हणजे ठिकाण. कोशाला ‘इस्तेगी’ म्हणतात, शब्दांचं ठिकाण. मला न अडखळता बोलायला चार वर्षं लागली.

मराठी माणसाला एक फायदा आहे. ‘तो आला’ पण ‘त्याने भाकरी खाल्ली’, हा ‘ने’ स्पॅनिश विद्यार्थ्याला समजावता समजावता शिक्षक थकतात, आपल्याला तो उपजत कळतो. बास्कमध्ये त्या जागी ‘क’ लागतो: ‘गिसोना’ आला, पण ‘गिसोनाक’ भाकरी खाल्ली. तोटा असा की आपण तो फक्त भूतकाळात लावतो आणि ‘मी’ला लावतच नाही. बास्कमध्ये तो सगळ्या काळांत लागतो, ‘मी’लासुद्धा. पहिली दोन वर्षं मी वर्तमानकाळात ‘क’ खात होते. अजूनही दमल्यावर खाते.

अभ्यासक्रम म्हणाल तर विटोरियाला, म्हणजे गास्तेइसला, बास्क देश विद्यापीठाची भाषा-साहित्याची विद्याशाखा आहे. बास्क अभ्यासाची ती मिचेलेना यांच्यापासूनची गादी. पदव्युत्तरसाठी पहिली पसंती तीच. प्रवेशाआधी निदान मध्यम पातळीची बास्क हातात हवी, नाहीतर वर्गात बसून नुसतं खिडकीबाहेर बघाल. आणि अर्जात ४३ शब्दांची यादी लिहू नका. २०२२ साली इरुलेगीच्या कांस्य हाताची, म्हणजे नवारमध्ये सापडलेल्या, अक्षरं कोरलेल्या प्राचीन धातूच्या हाताची बातमी आली तेव्हा त्यावरचा पहिला शब्द ‘सोरिओनेकु’ असा वाचला गेला, आजच्या ‘सोरिओनेको’शी म्हणजे ‘भाग्याचा’शी जुळणारा. सगळे मथळे त्यावर झाले. पुढे शेवटचं अक्षर वेगळं वाचलं गेलं आणि बाकीचा मजकूर तर अजून उलगडलेला नाही. तिथले प्राध्यापक एका अक्षरावर वर्षभर वाद घालतात, त्यांना ४३ शब्द एकदम दाखवलेत तर ते नम्रपणे चहा विचारतील आणि निरोप देतील.

त्याऐवजी एक करा. मराठीतल्या ‘बे’ची नोंद लिहा, एका पानाची. जुन्यात जुना वापर कुठे सापडतो, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश काय म्हणतो, दाते-कर्वे यांचा शब्दकोश काय म्हणतो, पाढ्यांशिवाय आज तो कुठे उरलाय आणि ‘बेरीज’ मधला ‘बे’ याच्याशी संबंधित आहे की नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पुराव्यासकट द्या. पुरावा सापडला नाही तर तसं लिहा. ते पान मला पाठवा, मी लाल शाईने परत करीन. मग गास्तेइसच्या अर्जाचं बोलू.